ताडपत्रीखालच्या खुर्च्या

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सामन्यात शेवटाकडे कधीतरी उपस्थितीचा आकडा जाहीर होतो. भोंग्यावरून वाचला जातो, मोठ्या पडद्यावर झळकतो, आणि लॉस एंजेलिसजवळच्या रोझ बाउल स्टेडियममध्ये तरी आमच्या आसपासचे लोक त्यावर हसतात. नाट्यगृहाबाहेर 'हाउसफुल्ल'ची पाटी आणि आत मागच्या दहा रांगा मोकळ्या, हे पाहून आपल्याकडचे जुने नाटकवेडे हसतात ना, तसं. कुणाचाच राग नसतो. आकडा कसा तयार होतो हे सगळ्यांना ठाऊक असतं.

विकलेली तिकिटं, वाटलेली तिकिटं, देणगीदारांच्या नावावर असलेली आणि त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलेली तिकिटं, सगळी धरून 'जाहीर उपस्थिती' होते. दारावर स्कॅन झालेल्या तिकिटांचा आकडा वेगळा असतो आणि तो सहसा कुणी आपणहून सांगत नाही. वॉल स्ट्रीट जर्नलने 2017 च्या हंगामातले स्कॅनचे आकडे अनेक विद्यापीठांकडून मिळवून पुढच्या वर्षी छापले. सरासरीने जाहीर आकड्याच्या 71 टक्केच माणसं प्रत्यक्ष दारातून आत आली होती. शंभर माणसं सांगितली तर एकोणतीस हवेत.

मराठी वाचकांपैकी ज्यांचा या खेळाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. हा आपला फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ. त्याची सगळ्यात मोठी स्टेडियम व्यावसायिक संघांची असतील असं मलाही इथे येण्यापूर्वी वाटायचं. लाखाच्या वर कायमची आसनं असलेली अमेरिकेतली स्टेडियम सगळी विद्यापीठांची आहेत. मिशिगनचं ॲन आर्बरमधलं स्टेडियम 1927 सालचं, अधिकृत क्षमता 1,07,601. तीन वानखेडे आत बसवून वर जागा उरेल. गावाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. 1975 च्या नोव्हेंबरपासून तिथल्या प्रत्येक घरच्या सामन्याला लाखाच्या वर उपस्थिती नोंदली जाते, करोनाचा 2020 चा हंगाम सोडला तर. क्षमतेच्या शेवटी तो सुटा 1 का, तर फ्रिट्झ क्रिसलर या जुन्या प्रशिक्षकांच्या सन्मानार्थ एक जादा खुर्ची आहे म्हणे. ती कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे ती रिकामी आहे की भरलेली हेही कळायला मार्ग नाही.

आमचं रोझ बाउल मात्र उघड्यावरचं गाऱ्हाणं आहे.

पॅसाडेनाच्या आरोयो सेको नावाच्या कोरड्या ओढ्याच्या खोऱ्यात 1922 साली ते बांधलं. उत्तरेला सॅन गॅब्रिएल डोंगर. बहुतेक दरवर्षी 1 जानेवारीला इथे होणारा रोझ बाउल सामना हे या खेळातलं जुनं देवस्थान. 1973 च्या सामन्याला 1,06,869 लोक होते. नेहमीच्या फुटबॉलवाल्यांनाही ही जागा माहीत असते, कारण 1994 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीच्या बाजिओने पेनल्टी आकाशात मारली ती इथेच. आता क्षमता नव्वद हजारांच्या जरा आत आहे. एरवी या वास्तूवर वर्षभर हक्क असतो यूसीएलए या विद्यापीठाच्या संघाचा, म्हणजे ब्रुइन्सचा. आणि मेख अशी, की यूसीएलए पॅसाडेनात नाहीच. ते वेस्टवूडला, लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या टोकाला, चाळीसेक किलोमीटरवर. संघ 1982 पासून 'घरचे' सामने खेळायला शहर ओलांडून इथे येतो. शनिवारी दुपारी 405 आणि 134 क्रमांकांच्या रस्त्यांवर अडकलेल्या माणसाला 'घरचा सामना' हे शब्द उच्चारायला सांगून बघावं.

दुसरी मेख कॅलेंडरची. यूसीएलएचे वर्ग सप्टेंबर संपता संपता सुरू होतात. फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो. म्हणजे पहिले काही सामने कॉलेजच्या संघाचे, कॉलेजच्या बँडच्या साथीने, आणि कॉलेजातल्या मुलांशिवाय. 3 सप्टेंबर 2022 ला बोलिंग ग्रीन या ओहायोतल्या छोट्या विद्यापीठाविरुद्ध साडेअकराचा सामना होता. ऊन मी म्हणत होतं. ज्यांना सावलीतली जागा मिळाली ते देवाचे लाडके. ब्रुइन्स 45-17 असे जिंकले आणि जाहीर उपस्थिती 27,143, संघ रोझ बाउलला आल्यापासूनची सर्वांत कमी. तीसुद्धा जाहीर, हे लक्षात घ्या. अवघ्या आठ वर्षांपूर्वी, 2014 च्या हंगामात, इथली सरासरी 76 हजारांवर होती. तेव्हा संघ चांगला होता, हे खरं. पण 2022 चाही संघ वाईट नव्हता.

माझा भाचा यूसीएलएमध्ये शिकतो. त्याच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या हौशीने त्याला विचारलं, विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये बसायला कसं वाटतं? तो म्हणाला, "मावशी, मस्त असतं. हाफटाइमपर्यंत."

"आणि मग?"

"मग बस असते."

विद्यापीठ मुलांसाठी वेस्टवूडहून बसगाड्या सोडतं. मुलं जथ्याने येतात, जथ्याने जातात. दोन मुलं कंटाळली की बाकीची आठ उठतात. आठ टाळ्यांची एक ठेका धरलेली घोषणा आहे ब्रुइन्सची, 'एट क्लॅप', ती सगळ्यांनी एकत्र दिली की अंगावर काटा येतो. ती देऊन झाली, फोटो काढून झाले, की भाच्याच्या मते काम झालं. "आणि उरलेला सामना?" "फोनवर." तो हे इतक्या निरागसपणे म्हणाला की मला रागावता येईना. त्याच्या वयात आम्ही कॉलेजच्या गॅदरिंगला तरी कुठे शेवटपर्यंत बसायचो.

पण नव्या पिढीच्या माथी सगळं मारून मोकळं होणारे अनेक जण इथे आहेत, त्यांच्याशी माझं जमत नाही. अलाबामा विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन यांचा संघ वर्षानुवर्षे सगळ्यांना चिरडत होता आणि मुलं अर्ध्यातून उठून जात, म्हणून ते चिडायचे. विद्यापीठाने 2019 मध्ये एक ॲप काढलं. मुलगा स्टेडियममध्ये चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरपर्यंत आहे का हे फोनच्या ठिकाणावरून तपासायचं, असेल तर गुण द्यायचे, आणि गुण जास्त त्याला हंगामअखेरच्या मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत प्राधान्य. थोडक्यात, हजेरीपट. पस्तीस-चाळीस गुणांनी पुढे असलेला सामना, दक्षिणेतलं दमट ऊन, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाने केवळ मागची बाकं भरलेली दिसावीत म्हणून थांबायचं. मी त्या मुलाच्या बाजूने आहे.

कारण सामन्यातला वेळ कुणाचा आहे, हे एकदा स्टँडमध्ये बसलं की समजतं. खेळाची घड्याळातली मिनिटं साठ. सामना चालतो साडेतीन तासांच्या आसपास. मैदानाच्या कडेला टीव्हीचा एक माणूस उभा असतो. जाहिराती सुरू झाल्या की तो आत येतो आणि बावीस खेळाडू, पंच, दोन्ही प्रशिक्षक त्याच्याकडे बघत थांबतात. जाहिराती संपल्या की तो बाजूला होतो. घरी सोफ्यावर हा वेळ फ्रिज उघडण्यात जातो. उन्हातल्या बाकावर तो सबंध वाट्याला येतो: कुणीतरी टी-शर्ट तोफेने उडवतं, एखाद्या देणगीदाराला टाळ्या द्यायला सांगतात, आणि पुन्हा तो माणूस मैदानात. पहिल्यांदा मला वाटलं कुणाला दुखापत झाली असावी.

सामन्याची वेळही टीव्हीच ठरवतो. कुठल्या शनिवारी सामना आहे हे कित्येक महिने आधी माहीत असतं; तो दुपारी साडेबाराला की रात्री आठला, हे बहुतेक वेळा बारा दिवस आधी आणि कधी कधी तर सहाच दिवस आधी समजतं. सॅन दिएगोहून येणाऱ्या, लहान मुलं असलेल्या घराने काय करावं? ऑफिसातल्या माझ्या एका सहकाऱ्यांकडे त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलेली सीझन तिकिटं आहेत. त्यातलं एक आता बरेचदा माझ्याकडे येतं. त्यांची मुलं वेळ कळेपर्यंत दुसरे बेत करून बसलेली असतात.

गंमत म्हणजे हे सगळं होईल अशी भीती फार पूर्वी एका संस्थेला होती. एनसीएए, म्हणजे विद्यापीठीय खेळांची नियामक संस्था. तिने 1951 पासून कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणावर बंधनं घातली, कारण सरळ होतं: घरबसल्या सामना दिसला तर तिकीट कोण काढेल? शेवटच्या काळातल्या नियमांनुसार एका संघाला दोन हंगामांत मिळून सहाच वेळा टीव्हीवर दिसता येई. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांना हे मान्य नव्हतं. ती न्यायालयात गेली, आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी एनसीएएची मक्तेदारी बेकायदा ठरवली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे एके काळचे गाजलेले फुटबॉलपटू, सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणाऱ्या हाइझमन पुरस्कारासाठी 1937 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर आलेले. या खटल्याकडे नुसता धंदा म्हणून बघू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. कायद्याच्या दृष्टीने बहुमत बरोबर असेलही. पण त्या पीठावर रिकाम्या-भरल्या स्टँडसमोर खेळलेला माणूस एकच होता, हे मला दर वेळी आठवतं.

निकालानंतर लगेच स्टेडियम ओस पडली असं मात्र झालं नाही. उलट पुढची दोन-अडीच दशकं गर्दी वाढत गेली. सर्वोच्च पातळीवरच्या संघांची सरासरी उपस्थिती 2008 मध्ये जवळपास 47 हजार होती. मग ती घसरत 2018 मध्ये 42 हजारांच्या खाली आली. दरम्यान घरातले पडदे भिंतीएवढे झाले, प्रत्येक सामना कुठे ना कुठे दिसू लागला, आणि तिकिटाआधी 'देणगी' मागण्याची पद्धत रुळली. चांगली जागा हवी तर आधी विद्यापीठाच्या क्रीडानिधीत पैसे भरा, मग तिकीट विकत घ्या. माझ्या सहकाऱ्यांच्या वडिलांना हे समजावून सांगायची वेळ आली नाही, एवढं बरं.

भरलेलं स्टेडियमसुद्धा आता सांभाळावं लागतं. नेब्रास्काची गोष्ट मला सगळ्यात आवडते. लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियमची सगळी तिकिटं 3 नोव्हेंबर 1962 पासून प्रत्येक सामन्याला विकली गेली आहेत. चारशेच्या वर सामने सलग. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम राज्यातलं तिसरं मोठं शहर असतं, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. मधल्या वर्षांत संघ हरत गेला, तिकिटं उरू लागली. तेव्हा 2021 मध्ये त्यांनी एक योजना आणली: देणगीदारांनी उरलेली तिकिटं विकत घ्यायची आणि ज्या मुलांना एरवी सामना बघणं परवडत नाही त्यांना द्यायची. मालिका तुटली नाही. याला कुणी बनवाबनवी म्हणतात. मला ती बनवाबनवी फार प्रिय आहे. आकडा राखण्याच्या नादात का होईना, कुणाचा तरी मुलगा लाल टोपी घालून आत जाऊन बसला. आमच्याकडे त्याच जागी ताडपत्री असते.

ही ताडपत्री म्हणजे रोझ बाउलच्या दोन्ही टोकांच्या स्टँडवर अंथरलेली निळी कापडं. खाली खुर्च्या आहेत, पण विकायच्या नाहीत. कॅमेऱ्यात उघडी बाकं दिसण्यापेक्षा झाकलेली बरी दिसतात. हाच विचार पुढे नेला की स्थापत्यशास्त्र सुरू होतं. आमच्या शेजारच्या यूएससी या विद्यापीठाने आपलं कोलिझियम 2019 मध्ये नव्याने सजवलं आणि 93 हजारांची क्षमता साडेसत्याहत्तर हजारांवर आणली. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने 47 हजारांचं जुनं स्टेडियम पाडून जागी 35 हजारांचं नवं उभारायला घेतलं. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून खुर्चीच काढून टाकायची. उरलेल्या खुर्च्या रुंद, पाठीच्या, महाग. धंदा म्हणून हे शहाणपणाचं आहे. फक्त ज्या खुर्च्या जातात त्या वरच्या, लांबच्या, स्वस्त असतात, आणि खिशात फारसे पैसे नसलेला विद्यार्थी किंवा नवा आलेला माणूस पहिल्यांदा तिथेच बसतो. मीही विद्यार्थिनी असताना तिथेच बसले होते. खेळ कळत नव्हता, मुंग्यांएवढे खेळाडू दिसत होते, आणि आजूबाजूचे ओरडले की मी ओरडत होते. खेळ मला त्या ओरडण्यातून कळला.

पॅसाडेनातल्या रिकाम्या खुर्च्यांचा इतिहास निघालाच आहे तर कॅलटेकला वगळून चालणार नाही. शास्त्रज्ञ घडवणारी ही संस्था स्टेडियमपासून काही किलोमीटरवर. तिचाही एक फुटबॉल संघ होता आणि तो अनेक वर्षे आपले घरचे सामने या अजस्र वाडग्यात, मूठभर प्रेक्षकांसमोर खेळे. पण कॅलटेकची खरी कामगिरी 1961 ची. रोझ बाउलच्या सामन्यात वॉशिंग्टन विद्यापीठाचे विद्यार्थी स्टँडमधून रंगीत पुठ्ठे उंचावून चित्रं करणार होते. कॅलटेकच्या पोरांनी गुपचूप 2,232 सूचनापत्रकं बदलली, आणि राष्ट्रीय टीव्हीवर, वॉशिंग्टनच्याच मुलांच्या हातांनी, 'कॅलटेक' हे नाव झळकलं. आज ही खोडी करायची तर आधी दोन हजार मुलं ठरलेल्या जागी बसलेली हवीत. हाफटाइमला.

एवढं सगळं झाल्यावर प्रश्न उरतो की मग याची काळजी नेमकी कुणाला आहे. यूसीएलए 2 ऑगस्ट 2024 ला बिग टेन या मुळात मध्यपश्चिमेच्या परिषदेत, म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, सामील झालं. टीव्ही करारांसाठी, हे कुणी लपवलंही नाही. फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याबरोबरचा बिग टेनचा करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरच्या वरचा. आता ब्रुइन्स न्यू जर्सीच्या रटगर्सविरुद्ध परिषदेचा सामना खेळतात, आणि सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्कलीशी, ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर होतं, दरवर्षीची गाठ संपली. 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. खेळाडूंना मिळतात हे योग्यच आहे, फार उशीर झाला एवढंच. पण या हिशोबात तिकीट काढणारा माणूस कितव्या ओळीत येतो? त्याचे पैसे हवे असतातच, तरी त्याच्यावाचून काही अडत नाही. त्याची मुख्य कामगिरी आता कॅमेऱ्यामागची पार्श्वभूमी होण्याची आहे. ज्याला पार्श्वभूमी केलं तो एके दिवशी यायचा थांबला, यात माझ्या मते त्याचा काही दोष नाही. आश्चर्य याचं वाटतं की अजून इतके जण येतात. गोल्फच्या मैदानावर गाड्या लावून, सकाळपासून शेगड्या पेटवून, आजोबा-नातू एकाच रंगाच्या जर्सीत. एका घोळक्यात दर वेळी मला बळेच टाको खायला घालतात. त्यांच्यातले काही आत जातच नाहीत. गाडीच्या डिकीत टीव्ही लावून तिथेच बघतात, स्टेडियमच्या भिंतीबाहेर.

मुंबईकराला जागांवरून होणारी भांडणं नवी नाहीत. ब्रेबॉर्न स्टेडियम नवं असताना, 1937 च्या पंचरंगी स्पर्धेतून हिंदू संघ बाहेर पडला तो जागावाटपाच्या तंट्यावरून, आणि सत्तरच्या दशकात क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटना यांचं तिकिटांवरून इतकं फाटलं की संघटनेने हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं केलं. जानेवारी 1975 मध्ये तिथे कसोटीसुद्धा झाली. तिथे जागा कमी पडत होत्या म्हणून दुसरं स्टेडियम आलं. इथे जागा जास्त झाल्यात म्हणून दुसरं हवंय. इंगलवुडमध्ये 2020 ला उघडलेलं सोफाय स्टेडियम वेस्टवूडला जवळ आहे, नवं आहे, छपराखाली आहे. यूसीएलए तिकडे जाण्याच्या विचारात आहे असं दिसल्यावर 2025 च्या शरदात पॅसाडेना शहर न्यायालयात गेलं, कारण रोझ बाउलचा करार 2044 पर्यंतचा आहे आणि शहराने त्या भरवशावर दुरुस्तीसाठी कर्ज काढलेलं आहे. मुलांच्या सोयीचं बघितलं तर सोफाय बरं, हे मला पटतं. भाच्याची बस निम्म्या वेळात पोहोचेल. तरी माझं मत पॅसाडेनाकडे झुकतं, आणि त्यात डोंगर दिसतात याचा वाटा किती, हे मी कुणाला सांगत नाही.

त्याच शरदात, 4 ऑक्टोबरला, पेन स्टेट हे पेनसिल्व्हेनियाचं विद्यापीठ आलं होतं. देशात सातव्या क्रमांकावर. आमचा संघ चारही सामने हरलेला, प्रशिक्षक काढून टाकलेले, काम हंगामी माणसाकडे, आणि डावपेच सांगायला ऐन वेळी नेमलेला जेरी न्यूहायझल, यूसीएलएचाच एके काळचा राखीव क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू. स्टँडमध्ये पेन स्टेटचे पांढरे शर्ट ठळकपणे दिसावेत इतकी आमची माणसं विरळ होती. सहकाऱ्यांनी दोन्ही तिकिटं मला देऊन टाकली होती. भाच्याला विचारलं तर म्हणाला, अभ्यास आहे.

हाफटाइमला ब्रुइन्स 27-7 ने पुढे होते. माझ्या शेजारचे एक गृहस्थ पडद्याकडे बघून दोन-तीनदा म्हणाले, की आकडे उलटे लागलेत. मग पेन स्टेट परत आलं, आणि शेवटची काही मिनिटं आम्ही जे काही थोडे होतो ते उभं राहून, बाकं बडवून, घसा बसेपर्यंत ओरडलो. 42-37. खेळाडूंनी न्यूहायझलला खांद्यावर घेतलं. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, आणि मिठी मारायला माणूस मिळावा म्हणून चार-चार रांगा उतरून यावं लागत होतं.

गाडीपर्यंत पोहोचण्याआधीच फोन वाजला. भाचा. मागे वसतिगृहातला गोंधळ ऐकू येत होता. सगळे पडद्यासमोर जमलेले असणार.

"मावशी! तू तिथे होतीस ना? पुढच्या सामन्याला येतो मी. आम्ही सहा जण. जागा मिळेल ना पण?"

"ये रे," मी म्हटलं. "जागेचं सोडून बाकी कशाचीही काळजी कर."